कूलंट घरी बदलाल, पण आधी ते तांबडं का झालं ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चौदा फुटी ट्रक, २०१८ चा, बीएस-४. फुरसुंगीला घरासमोरच्या मोकळ्या जागेत उभा असतो. सासवडकडून भाजी, अंजीर, सीताफळ भरून मार्केट यार्डला आणता. रेडिएटरमधलं पाणी तांबडं झालंय आणि दिवे घाट चढताना तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर जातो. गॅरेजवाल्याने कूलंट बदलायचे साडेचार हजार सांगितले. शेजारी म्हणतो, बोअरचं पाणी घाल आणि विषय संपव. तर घरी केलं तर चालेल का?

चालेल. मी सव्वीस वर्षं ट्रकांच्या खाली झोपून काम करतोय आणि मला विचाराल तर कूलंट बदलणं हे इंजिन ऑइल बदलण्याइतकंच साधं काम आहे. फक्त ऑइल चुकलं तर माफी असते, कूलंट चुकलं तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, जातं. आणि तुमच्या प्रश्नात मला खटकलं ते वेगळंच. सासवडहून माल भरून येता तेव्हा घाट उतरता. म्हणजे चढताना गाडी रिकामी असते. रिकामी गाडी दिवे घाटात गरम होत असेल, तर नुसतं पाणी जुनं झालंय एवढ्यावर थांबू नका. नवीन कूलंट घालून काटा खाली येईलही, पण तो आजार दबलेला असू शकतो.

म्हणून पहिलं काम पाना हातात घेण्याआधीचं. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचं टोपण उघडा आणि आतलं पाणी पेलाभर काढून एखाद्या काचेच्या बरणीत घ्या. लोणच्याची रिकामी बरणी चालते, पण ती परत स्वयंपाकघरात न्यायची नाही आणि पोरांचा हात पोचेल अशा जागी ठेवायची नाही. रात्रभर हलवू नका. दुसऱ्या दिवशी तळाला तांबडा गाळ बसला आणि वर पाणी निवळलं तर तो गंज आहे. आधी कोणीतरी कूलंटऐवजी नुसतं पाणी घालत आलंय, बिडाचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य धड, आतून गंजतोय. हे धुऊन निघतं. वर तवंग आला, किंवा सगळंच दूध घातलेल्या चहासारखं दिसलं, तर ऑइल मिसळतंय: हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) किंवा ऑइल कूलर (पाण्याने ऑइल थंड करणारा भाग) गेलाय. मग कूलंट विकत घेऊ नका, तेच पैसे मिस्त्रीला द्यायचे आहेत.

दुसरी तपासणी. थंड गाडीचं टोपण काढून इंजिन चालू करा आणि तोंडात बघा. सुरुवातीला चार बुडबुडे येतात, त्याचं काही नाही. पण सतत, थांबतच नाहीत असे बुडबुडे येत राहिले आणि ॲक्सिलरेटर दिला की वाढले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. तेही घरचं काम नाही.

तिसरी गोष्ट इतकी साधी आहे की लोक ती बघतच नाहीत. रेडिएटरच्या जाळीत बाहेरून काय अडकलंय? मार्केट यार्डला जाणाऱ्या गाड्यांत कांद्याची सालं, भुसा, पाचटाची धूळ आणि त्यावर ऑइलचा थर, अशी गादीच तयार होते. एसीचा कंडेन्सर पुढे असेल तर दोघांच्या मधल्या फटीत. पंख्याच्या बाजूने, म्हणजे आतून बाहेर, हलक्या धारेने पाणी मारा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पत्रे वाकतात, मग हवा जायची ती पण बंद. माझ्याकडे गरम होते म्हणून आलेल्या गाड्यांपैकी काही तर नुसत्या धुऊन परत पाठवल्यात.

गरम केव्हा होते यावरूनही कळतं. हडपसरच्या गर्दीत उभी असताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्याला उतरतो, तर पंखा, पंख्याचा व्हिस्कस क्लच (गरम झालं की पंख्याला वेग देणारा जोड) किंवा बेल्ट बघायचा. उलट मोकळ्या रस्त्याला ठीक आणि चढाला गरम, तर पाणी कमी आहे किंवा रेडिएटर आतून बुजलाय. तुमची गाडी दुसऱ्या प्रकारातली वाटते आणि तांबड्या पाण्याशी ते जुळतं. गाडी चालवून आल्यावर इंजिन बंद करून रेडिएटरच्या जाळीजवळ तळहात फिरवा. एखादा पट्टा बाजूच्यापेक्षा गार लागला तर त्या नळ्यांतून पाणी फिरत नाहीये.

आता शेजाऱ्याच्या बोअरबद्दल. पुण्यात बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा ऐकावा लागतो. गोठू नये म्हणून कूलंट हा त्याचा अर्धाच उपयोग. इकडे आपल्याला हवा असतो तो दुसरा अर्धा: त्यातली गंजरोधक द्रव्यं. बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचा रेडिएटर, पितळेचे तुकडे, सोल्डर, रबर हे सगळं एकाच पाण्यात चोवीस तास बसलेलं असतं. नुसत्या पाण्यात त्यातला एक धातू दुसऱ्याला खातो. शिवाय वॉटर पंपाच्या पात्यांपाशी आणि वेट लायनर (बाहेरून थेट पाणी लागणारी सिलिंडरची नळी) असलेल्या डिझेल इंजिनात लायनरच्या बाहेरच्या अंगाला बुडबुडे फुटून धातूला बारीक खड्डे पडतात. लायनर हातात घेतला की देवीचे व्रण असल्यासारखा दिसतो. ट्रकसाठीच्या कूलंटमध्ये त्यावर उपाय केलेला असतो, कारच्या कूलंटमध्ये असेलच असं नाही. म्हणून डब्यावर रंग बघू नका, हेवी ड्यूटीसाठी आहे का ते बघा.

रंगाचंही सांगतो. हिरवा, गुलाबी, निळा हे कंपन्यांनी घातलेले रंग आहेत, त्यांचा कुठला सरकारी नियम नाही. हिरवं कूलंट एका कंपनीचं जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं असतं, दुसऱ्या कंपनीचं लाँग लाइफ. डब्यावर आयएस ५७५९ किंवा एएसटीएम डी ६२१० असं काही छापलेलं आहे का ते बघा. यातला दुसरा हेवी ड्यूटीचा आहे. तरी सगळ्यात मोठा आधार म्हणजे गाडीचं पुस्तक. त्यात जो प्रकार सांगितलाय तो घ्या आणि दोन प्रकार एकमेकांत ओतू नका. मिसळले की गंजरोधक लवकर संपतं आणि कधी कधी आत जेलीसारखे गोळे होतात.

बोअरचं पाणी मात्र कुठल्याच कूलंटसोबत नको. फुरसुंगी, वाघोली, त्या पट्ट्यात घरच्या गीझरची कॉइल काढून बघा, पांढरी खपली असते. तीच खपली सिलिंडरच्या भोवती बसली की उष्णता धातूतून पाण्यात जातच नाही. काटा ठीक दाखवतो आणि आत धातू भाजत असतो. खडकवासल्याचं नळाचं पाणी त्या मानाने पुष्कळ बरं, रस्त्यात अडलात तर बिनधास्त घाला, पण कायम ठेवायला डिस्टिल्ड किंवा डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी घ्या. ट्रकवाले त्याला बॅटरीचं पाणी म्हणतात, पेट्रोल पंपावर पाच लिटरचा कॅन मिळतो. घेताना बॅटरीचं ॲसिड नाही ना, एवढं वाचून घ्या. हसू नका, दोन्ही कॅन सारखेच दिसतात.

मग कामाचा दिवस. सुट्टीचा घ्या आणि पूर्ण घ्या. गॅरेजवाल्याने साडेचार हजार सांगितले त्यात कूलंट किती आणि मजुरी किती हे विचारा. पण मजुरी कशाची, हे तुम्हाला संध्याकाळी कळेल.

गाडी रात्रभर थंड झालेली हवी. तोंड किंचित वर येईल अशा उतारावर लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. केबिन उचलायची असेल तर ती लॉक झाल्याशिवाय खाली वाकायचं नाही. टोपण काही गाड्यांत रेडिएटरवर असतं, काहींत केबिनमागच्या टाकीवर. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. टोपणाची स्प्रिंग आत ०.९ बारच्या आसपास दाब धरते, म्हणून आतलं पाणी ११० अंशांनाही उकळत नाही, गप्प असतं. तुम्ही टोपण फिरवलं की दाब जातो आणि तेच पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. मी विशीत असताना ओलं गोणपाट टाकून गरम टोपण फिरवलं होतं. डाव्या हाताचा तो डाग अजून आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला मी तो आधी दाखवतो.

खाली वीस लिटरचा कॅन आडवा कापून ठेवा. घमेलं घेऊ नका, ते सांडल्याशिवाय उचलता येत नाही. रेडिएटरच्या तळाला नळ असतो, तो हाताने उघडा. प्लास्टिकचा असेल आणि हलत नसेल तर पक्कड लावू नका, तुटला की रविवारी कुठे मिळणार? सरळ खालच्या होज पाइपची क्लिप सैल करा. ब्लॉकला वेगळा ड्रेन प्लग असतो. सुटला तर उत्तम, पण गंजून बसला असेल तर त्याच्याशी भांडू नका.

इथे हिशेबाचा भाग येतो आणि घरी काम करणारे इथेच फसतात. समजा, तुमच्या गाडीत एकूण १२ लिटर मावतं. पुस्तकात नक्की आकडा आहे, तो घ्या. रेडिएटरमधून ७ लिटर निघालं. उरलेलं ५ लिटर ब्लॉकमध्ये बसलेलं आहे, ते दिसत नाही. तुम्ही पाण्याने धुतलं, परत रेडिएटर रिकामा केला आणि अर्धं-अर्धं मिसळून ठेवलेलं ७ लिटर कूलंट ओतलं. आत गेलं फक्त साडेतीन लिटर मूळ कूलंट, बाकी सगळं पाणी. १२ लिटरमध्ये ते ३० टक्केसुद्धा भरत नाही. तुम्हाला वाटतं, आपण ५० टक्क्यांचं घातलं. म्हणून धुऊन झाल्यावर आधी एकूण मापाच्या निम्मं, म्हणजे ६ लिटर न मिसळलेलं कूलंट थेट ओता आणि वरचं एक लिटर बॅटरीच्या पाण्याने भरा. ब्लॉकमधल्या पाण्याशी मिसळून ते बरोबर होतं. पण यासाठी ब्लॉकमध्ये उरलेलं शेवटचं पाणी चांगलं हवं, म्हणजे शेवटचं धुणं बॅटरीच्याच पाण्याने.

दोन अपवाद. डब्यावर 'रेडी टू यूज' किंवा 'प्रीमिक्स' असेल तर हा हिशेब बसत नाही, त्यात पाणी आधीच आहे. तसं कूलंट घालायचं असेल तर ब्लॉकचा प्लग सुटायलाच हवा. आणि न मिसळलेल्या काही डब्यांवर एकास एक नाही तर एकास तीन असं प्रमाण असतं. तिथे डब्याचं ऐका. नुसतंच शंभर टक्के कूलंट ओतलं तर अजून चांगलं, असंही कोणी सांगेल. नाही. कूलंटमधलं ग्लायकॉल उष्णता वाहण्यात पाण्यापेक्षा बरंच कमी पडतं, इंजिन उलट जास्त गरम राहतं.

धुण्याची पद्धत अशी. रेडिएटर रिकामा केला, नळ बंद केला, पाणी भरलं, इंजिन चालू केलं. थर्मोस्टॅट (गरम झालं की पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी करणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत चालू ठेवायचं, साधारण ८० अंशांच्या आसपास तो उघडतो. तो उघडला नाही तर ब्लॉकमधलं पाणी रेडिएटरमध्ये येतच नाही आणि तुम्ही एकटा रेडिएटर धूत बसता. वरचा होज पाइप गार असतो तो एकाएकी गरम लागला की उघडला समजायचं. हात लावताना पंख्यापासून बाही सांभाळा. केबिनला हीटर असेल तर त्याची कळ पूर्ण गरमवर. मग इंजिन बंद, आणि पूर्ण थंड होईपर्यंत चहा, जेवण, पेपर, काय ते उरका. तापलेल्या ब्लॉकमध्ये गार पाणी ओतलं तर बिडाला चीर जाऊ शकते. तुमच्या तांबड्या पाण्याला असे तीन फेरे तरी लागतील. पहिले दोन नळाच्या पाण्याचे चालतील, शेवटचा बॅटरीच्या. एक गार होणं म्हणजे दोन-तीन तास. आता कळलं, मजुरी कशाची?

धुण्याचा सोडा घालू नका. पूर्वीच्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरना ते चालायचं, आताच्या ॲल्युमिनियमला सोडा खातो. बाजारातलं रेडिएटर फ्लश घ्यायचं तर ॲल्युमिनियमला चालेल असं लिहिलेलं घ्या. आणि हळद! गळका रेडिएटर बंद करायला हळद टाकणारे ड्रायव्हर मी अजून बघतो. गळती थांबते, खोटं नाही. पण ती हळद फक्त भोकापाशी जाऊन बसत नाही, बारीक नळ्याही बंद करते. घाटात रात्री दोन वाजता अडला असाल तर टाका, घरी आल्यावर काढा.

शेवटचं भरताना हळू ओता, बारीक धारेने. घाईने ओतलं की हवा आत कोंडते आणि ही कोंडलेली हवा या सगळ्या कामातला खरा शत्रू आहे. थर्मोस्टॅटच्या घराजवळ किंवा वरच्या पाइपवर हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल ठेवा, बुडबुडे थांबून अखंड धार आली की आवळा. नसेल तर टोपण उघडं ठेवून इंजिन चालू करा, होज पाइप हाताने दाबत राहा, पातळी खाली जाईल तसं भरत जा. थर्मोस्टॅट उघडल्यावर एकदम लिटरभर आत ओढलं जातं, घाबरू नका. मग टोपण लावा, कूलंटच्या जादा बाटलीत पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये ठेवा.

हवेबद्दल इतकं सांगतोय कारण मी स्वतः एकदा भोगलंय. गॅरेज टाकून वर्ष झालं होतं. एका भाजीच्या ट्रकचं पाणी बदललं, गिऱ्हाईक घाईत, मी पण घाईत, हवा नीट काढली नाही. गाडी घाटात गेली, काटा वर गेला आणि मग आपोआप खाली आला. ड्रायव्हरला वाटलं, बरं झालं. पण काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. त्याच्याभोवती हवा आली की तो थंड दाखवतो आणि खाली हेड भाजत असतं. हेडला बाक आला, फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, गॅस्केट बदलावं लागलं. ते सगळं मी खिशातून केलं. तेव्हापासून चढावर काटा अचानक शून्याकडे पडला की मी कोणालाही सांगतो, आधी गाडी बाजूला घे.

टोपण नवीनच घ्या. जुन्या टोपणाचं रबर कडक होतं आणि दाब धरत नाही. त्यावरचा आकडा, ०.९, १.१ किंवा ८८ असं काही, जुन्यावर असेल तोच घ्या. ८८ म्हणजे किलोपास्कल, ०.९ बारच. गाडी थंड झाल्यावर वरचा होज पाइप चपटा झालेला दिसला तर टोपणातला छोटा व्हॉल्व्ह अडकलाय हे लक्षात ठेवा.

थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील, असा सल्ला नक्की मिळेल. काढू नका. इंजिन कायम गार राहिलं की डिझेल जास्त पितं आणि झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी, आणि पाणी रेडिएटरला वळसा घालून गरमच फिरत राहतं.

राहिलं काढलेलं पाणी. तुमच्या अंगणात कुत्री, शेजारी शेळ्या असणार. ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विष असतं. सांडलेलं लगेच धुऊन काढा, कॅन झाकणबंद ठेवा. कोणाच्या पोटात गेलंच तर लक्षणांची वाट बघू नका. आधी माणूस प्यायल्यासारखा वाटतो आणि एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. कॅनसह लगेच दवाखान्यात जायचं. गटारात ओतू नका, ते शेवटी मुळा-मुठेत जातं. ज्या गॅरेजमधून जुनं ऑइल उचलायला गाडी येते, तिथे विचारून द्या.

बीएस-६ ची गाडी असती तर मी तुम्हाला घरी करू नका म्हटलं असतं. ईजीआर कूलरच्या (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणाऱ्या भागाच्या) वळणांत हवा अडकते आणि काही मॉडेलना पंपाने निर्वात करूनच भरावं लागतं. शिवाय धूर स्वच्छ करायच्या युरियाची निळ्या झाकणाची टाकी आणि कूलंटची टाकी यात गोंधळ घातलेली एक गाडी आमच्याकडे आली होती. त्या बिलाचा आकडा सांगत नाही.

काम झाल्यावर पहिल्याच दिवशी दिवे घाट नको. मार्केट यार्डची एक रिकामी फेरी करा, काट्यावर नजर ठेवा, रात्री गार होऊ द्या आणि सकाळी टोपण उघडून पातळी बघा. थोडी खाली गेलेली असणारच, कोंडलेली हवा निघालेली असते. दुसऱ्या दिवशीही तेवढीच कमी झाली तर कुठूनतरी जातंय. खाली ओल नसेल तर सकाळच्या पहिल्या धुराकडे बघा, पांढरा आणि गोडसर वासाचा आहे का.

पण हे सगळं नंतरचं. उद्या सकाळी गाडी थंड असताना फक्त बरणी भरून ठेवा आणि परवा वर तवंग आहे की खाली गाळ, ते कळवा. फोटो उजेडात काढा.